अडीच तासांवरची बहीण

कॉलमन हेनेगनने आयुष्यात एकही मयत चुकवलं नाही असं सँट्रीत म्हणत, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. डब्लिनच्या उत्तरेला, विमानतळाच्या कुंपणाला खेटून असलेल्या त्या वस्तीत कोणी गेलं की पहिल्यांदा दोन माणसांना कळवलं जाई. एक फादर आणि दुसरा कॉलमन. फादर अधूनमधून सुट्टीवर असत. कॉलमन कधीच नसे.

त्याच्याकडे एकच काळा सूट होता आणि तो इतर कुठल्याही कपड्यापेक्षा जास्त वापरला गेलेला होता. मयताच्या घरी तो नेमक्या वेळी पोचे, शवपेटीपाशी थोडा थांबे, मेलेल्याच्या चेहऱ्याकडे नीट बघे, मग घरच्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन "वाईट झालं, फार वाईट झालं" म्हणे. हे तो इतकी वर्षं म्हणत होता, तरी ऐकणाऱ्याला ते ताजं वाटे. त्यानंतर चहा, हॅमचं सँडविच, आणि मेलेल्या माणसाबद्दल एखादी बरी आठवण. कोणाबद्दल बरं काही आठवत नसेल तर तो त्या माणसाच्या कुत्र्याबद्दल बोले. उंचीने तो मध्यम होता, त्यामुळे खांदा द्यायला कुठल्याही बाजूने चाले. निसर्गाने त्याला दिलेली देणगी म्हणायची तर एवढीच.

पोटापाण्यासाठी त्याने एकतीस वर्षं विमानतळावर सामान चढवलं. विमानाच्या पोटात तो रोज शिरे, तिथल्या अंधारात गुडघ्यांवर रांगत बॅगा रचे. वरच्या मजल्यावर मात्र तो कधी गेला नाही. कर्मचाऱ्यांना तिकीट जवळजवळ फुकट मिळे. त्याने ते कधी घेतलं नाही, आणि विचारलं तर सांगे, "फुकट आहे म्हटल्यावर कधीही जाता येईल की."

त्याची धाकटी बहीण न्युअला पंचविसाव्या वर्षी एका स्वीडिश इंजिनियरशी लग्न करून स्टॉकहोमला गेली. सोळाशे किलोमीटर, विमानाने अडीच तास. हा आकडा कॉलमनला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या डोक्यावरच्या फलकावर तो रोज लागे. सकाळचं स्टॉकहोमचं विमान त्याच्याच हातांनी भरलं जाई आणि घराच्या छपरावरून जाई. सुट्टीच्या दिवशी ते वर दिसलं की तो मान वर करून बघे, आणि मग चहा ओते.

न्युअला दर जुलैत यायची. दर रविवारी फोन करायची.

"अडीच तास, कॉलमन! तुला बसनं गावात जाऊन परत यायलाही तेवढेच लागतात."

"तेच तर म्हणतोय मी. इतकं जवळ आहे, तर घाई कसली?"

त्याचा दोस्त पॉज, त्याच्याच बरोबर बॅगा उचलून पाठ मोडून घेतलेला, ऑस्ट्रेलियात पर्थला मुलीकडे दोनदा जाऊन आला होता. एक दिवसभराचा प्रवास, दोन विमानं, पायांना सूज. तिथे जायचं म्हणून त्याने वर्षभर आधीपासून तयारी केली, निघताना सगळी गल्ली भेटायला आली, बायका रडल्या. स्टॉकहोमसाठी कोण रडणार? अडीच तासांच्या अंतराला रडणंही मिळत नाही आणि भेटही होत नाही. न्युअला पृथ्वीच्या पार पलीकडे गेली असती तर कॉलमन एव्हाना दोनतीनदा तरी जाऊन आला असता.

निवृत्तीनंतर त्याने जायचं ठरवलं नाही असं नाही. तीनदा ठरवलं. पहिल्यांदा शेजारचा म्हातारा डॅलन गेला. दुसऱ्यांदा पॉजची बायको. तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, त्याच्या ओळखीतलं कोणी गेलं नव्हतं, पण चर्चमधल्या ऑर्गनवाल्याच्या सासऱ्याची अवस्था बरी नव्हती.

"म्हणजे मी मेले की नक्की येशील," न्युअला फोनवर म्हणाली.

"तेव्हा काय, पहिल्या विमानानं."

ती हसली. ती हसली म्हणून तोही हसला. पण आई गेली तेव्हा न्युअला खरंच पहिल्या विमानाने आली होती. रात्री निरोप मिळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती दारात उभी होती, केस ओले, एका पायात मोजा नाही. आईच्या पेटीजवळ ती रात्रभर बसली, आईचे केस विंचरले, कॉलमनला झोपायला पाठवलं आणि तो झोपला नाही म्हणून त्याला शिव्या दिल्या. ते कॉलमन विसरलेला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी संध्याकाळी स्टेलानचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. न्युअलाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. काल सकाळी गेली.

"काल?" कॉलमन म्हणाला.

"हो. तुला कामाच्या वेळेत त्रास द्यायला नको वाटलं."

कॉलमनला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. तो मनात दिवस मोजत होता. मंगळवारी गेली. बुधवारी घरी आणली असेल. गुरुवारी लोक येणार, शुक्रवारी दफन. मयत कधी आहे हे त्याने विचारलं नाही. सँट्रीत असं कोणी विचारत नाही. तिसरा दिवस म्हणजे तिसरा दिवस. स्टेलाननेही सांगितलं नाही, कारण त्याच्या देशात कोणी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तारीख विचारणारा माणूस जन्माला यायचा होता.

"मी येतो," कॉलमन म्हणाला. "उद्याच."

"उद्या?" स्टेलान म्हणाला. "तू खूप चांगला आहेस, कॉलमन."

बातमी तासाभरात वस्तीभर झाली. गेरटीबाई, जिने चर्चमधल्या चहाची सगळी सूत्रं वीस वर्षं हातात ठेवली होती, पहाटे त्याच्या दारात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभी राहिली. पिशवीत प्रार्थनेची कार्डं होती, न्युअलाच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितल्याची, प्रत्येकावर फादरची सही. फादरना रात्री उठवून सह्या घेतल्या होत्या.

"तिच्या पेटीवर ठेव," गेरटीबाई म्हणाली. "आणि बघ रे राजा, तिला नीट बघ. लांबून आलास म्हणून घाबरून मागं उभा राहू नकोस."

पॉजने विमानतळापर्यंत सोडलं. "शेवटी वरच्या मजल्यावर चढलास," तो म्हणाला. "खाली बॅगा नीट रचल्यात का बघून सांग." मग त्याला वाटलं आपण जास्तच बोललो, आणि त्याने कॉलमनचा खांदा दाबला.

अडीच तास म्हणजे काय हे कॉलमनला त्या दिवशी प्रथमच कळलं. एक कॉफी, एक पाव, खिडकीत ढग, शेजारच्या बाईची झोप. संपले. त्याला फसवल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत त्याला वाटत होतं, अडीच तासांत काहीतरी असेल.

स्टेलान न्यायला आला होता. उंच, वाकलेला, स्वच्छ दाढी केलेला. कॉलमनचा काळा सूट आणि पॉलिश केलेले बूट त्याने पाहिले आणि गाडीचं दार उघडलं. गाडीत हीटर चालू होता. दुपारचे तीन वाजले होते आणि दिवस संपत आला होता.

दारात बूट काढायला लागले. कॉलमनचा उजवा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला होता. घर शांत होतं. त्याने कान दिला. कुठल्याच खोलीतून बोलण्याचा, जपमाळेचा, कपबशांचा आवाज नव्हता. त्याला वाटलं, लोक अजून यायचे असतील.

"कुठल्या खोलीत आहे?" त्याने हळूच विचारलं.

"कोण?"

"न्युअला."

स्टेलानने त्याच्याकडे पाहिलं. "ती इस्पितळात आहे."

एक क्षणभर, फक्त एकच क्षण, कॉलमनच्या छातीत काहीतरी उजळलं. इस्पितळात! माणसं इस्पितळात असतात ती बरी व्हायला असतात. मग स्टेलान म्हणाला, "तिथल्या शवागारात," आणि ते विझलं.

"घरी कधी आणणार?"

"घरी?"

"मग उद्या दफन थेट तिथूनच?"

स्टेलानने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तो माणूस क्रूर नव्हता. समोरच्याला काय समजलेलं नाही ते त्याला आता समजलं होतं, आणि ते कसं सांगावं हे मात्र समजत नव्हतं.

"अंत्यविधी तीन आठवड्यांनी असेल," तो म्हणाला. "चारही लागतील. चर्च मोकळं लागतं, नातेवाइकांना रजा काढायला वेळ द्यावा लागतो. इथे असंच असतं, कॉलमन. मला वाटलं, न्युअलानं तुला सांगितलं असेल."

"चार आठवडे ती तिथे एकटी?"

"ती जागा थंड असते," स्टेलान म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता, पण हातात माहितीच होती.

कॉलमन खुर्चीवर बसला. दोन रात्रींसाठी आलेला माणूस, शनिवारचं परतीचं तिकीट खिशात, आणि मयत डिसेंबरात. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. स्टेलानने एकेक कार्ड उघडलं, नाव वाचलं, आणि दर वेळी विचारलं, "हे कोण?"

"गेरटीबाई. चहावाल्या."

"न्युअला त्यांना ओळखायची?"

"लहानपणी. हे पॉजचं. हे डॅलनच्या सुनेचं."

"ही न्युअलाला ओळखायची?"

"नाही. मला ओळखते."

"मग हे तुझ्यासाठी आहे," स्टेलान म्हणाला.

"नाही. तिच्यासाठी आहे."

स्टेलानने मान हलवली आणि सगळी कार्डं कपाटावर रांगेत उभी केली. त्याच्या दृष्टीने त्यांचं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग दोघांनी उकडलेले बटाटे आणि मासा खाल्ला. स्टेलानने जेवताना दोनदा तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. कॉलमनला वाटलं, आता हा रडेल, म्हणजे आपल्याला काहीतरी करता येईल. तो रडला नाही. त्याने ताटं धुतली.

शुक्रवारी स्टेलान त्याला अंत्यविधीच्या कार्यालयात घेऊन गेला. तिथे लोकरीचं जाकीट घातलेली एक बाई होती, बशीत बिस्किटं होती, आणि फुलांच्या रंगांचा एक नमुना होता. स्टेलानने पांढरा आणि निळा निवडला. बाईने कॉलमनला इंग्रजीतून विचारलं, काही हवंय का.

"मला तिला बघायचंय," तो म्हणाला. "थोडा वेळ बसायचंय जवळ."

"ते करता येतं. फार लोक मागत नाहीत, पण करता येतं." तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "पुढचा बुधवार?"

"मी उद्या जातोय."

"मग अंत्यविधीला याल तेव्हा. त्या दिवशी सकाळी खोली ठेवते."

"हो, तेव्हा ये," स्टेलान म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी घाई होती. "आपण दोघं जाऊ. अडीच तास तर लागतात तुला."

कॉलमनने मान डोलावली. ते वाक्य त्याने आयुष्यभर ऐकलं होतं, पण ते इतकं खरं कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी डब्लिनला पॉज घ्यायला आला. गाडीत बसायच्या आधीच त्याने विचारलं, "गर्दी होती का?"

सँट्रीत मयताहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच विचारतात. कॉलमनला सांगायचं होतं, सगळं अगदी नीट. पण सांगायचं काय? की मी मयताला गेलो आणि मयत नव्हतं? की माझ्या बहिणीला फ्रीजमध्ये ठेवून मी परत आलो? पॉजने बायकोच्या पेटीशेजारी दोन रात्री काढल्या होत्या. त्या वेळी त्याला चहा करून देणारा कॉलमनच होता.

"होती," कॉलमन म्हणाला. "चर्च भरलं होतं."

"ते बरं झालं. थंड लोक म्हणतात ते काही खरं नाही, बघ."

घरी गेरटीबाई भांडं घेऊन आली. "कशी दिसत होती रे?"

"स्वतःसारखीच."

"देवाची कृपा," गेरटीबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

एका आठवड्यात ते मयत चांगलंच मोठं झालं. त्यात एक गोड गळ्याचा पाद्री आला, निळीपांढरी फुलं आली, आणि न्युअलाच्या शेजारणींनी केक आणले. हे सगळं कॉलमननेच सांगितलं असं नाही. लोक विचारत, "केक असतील ना तिकडे?" आणि तो हो म्हणे. दुसऱ्याचं मयत सुखाचं झालं असेल तर ते ऐकणं लोकांना आवडतं, आणि लोकांना नाराज करायची त्याला सवय नव्हती.

डिसेंबर लागला तसा स्टेलानचा फोन आला. तारीख मिळाली होती, शुक्रवार, दुपारी बारा वाजता. सकाळी दहाला ती खोलीही. कॉलमनने त्याच दिवशी गुरुवारचं तिकीट काढलं आणि ते टेबलावर मिठाच्या डबीखाली ठेवलं. त्याला बरं वाटलं. पॉजला काय सांगायचं तेही ठरलं होतं. स्टेलान एकटा पडलाय, जरा बघून येतो.

रविवारी मिस्सा संपताना फादरनी सूचना वाचायला घेतल्या. छप्पर गळतंय. लहान मुलांचा सराव मंगळवारी. "आणि येत्या शुक्रवारी अकरा वाजता, न्युअला हेनेगन हिच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा. नंतर सभागृहात चहा."

माणूस गेल्याला महिना झाला की आयर्लंडमध्ये त्याच्यासाठी मिस्सा असते. हे कॉलमनला माहीत नसणं शक्यच नव्हतं. इतरांच्या अशा मिस्सांना तो न चुकता गेला होता. आपल्या बहिणीलाही महिना होईल, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी तिचं अजून मयतच झालेलं नव्हतं. आणि इथले अकरा म्हणजे स्टॉकहोमचे बारा, नेमकी अंत्यविधीची वेळ.

बाहेर पायऱ्यांवर गेरटीबाईने त्याला गाठलं.

"तुला सांगितलं नाही मुद्दाम. तू नको म्हणाला असतास."

"गेरटीबाई, शुक्रवारी मला..."

"दोन हॅम सांगितलीत. डॅलनची सून केक करतेय. ऑर्गनवाला पैसे नको म्हणाला, त्याच्या सासऱ्याच्या वेळी तू पावसात उभा होतास म्हणे. आख्खी वस्ती येणार आहे." तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. "इतकी वर्षं तू सगळ्यांकडे गेलास. आता आमची पाळी आहे रे राजा. तुला काय म्हणायचं होतं?"

"काही नाही," कॉलमन म्हणाला.

पॉज मागून आला. "आयुष्यभर शेवटच्या बाकावर बसलास. आता पहिल्या बाकावर बसायचं, समजलं? झोपू नकोस, सगळे बघणार."

चार दिवस कॉलमन विचार करत होता. खरं सांगून टाकावं, तर गेरटीबाईला सांगावं लागणार होतं की जिच्या चेहऱ्यासाठी ती रडली, तो चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. पॉजला सांगावं लागणार होतं. न सांगता निघून जावं, तर बहिणीच्या मिस्सेला भाऊ नाही. त्याने गेरटीबाईचा नंबर दोनदा फिरवला. दोन्ही वेळा तिने उचलल्यावर हॅमबद्दल विचारलं, आणि त्याने हॅमबद्दल उत्तर दिलं.

बुधवारी त्याने स्टेलानला फोन केला. आपल्याला ताप आहे असं सांगितलं.

"तारीख बदलता येणार नाही आता," स्टेलान म्हणाला. "लोकांनी रजा काढल्यात."

"नको, नको. माझ्यासाठी कशाला."

"बरा हो," स्टेलान म्हणाला. "वसंतात ये. इथे दहन करतात, अस्थी तेव्हा पुरू."

शुक्रवारी चर्च खरोखर भरलं होतं. ज्यांच्या ज्यांच्या दारात कॉलमन कधी उभा राहिला होता ते सगळे आले होते, आणि ज्यांना चालवत नव्हतं त्यांना उचलून आणलं होतं. पहिल्या बाकावर तो एकटा बसला. सव्वाअकराला त्याने घड्याळ पाहिलं. मग पाहिलं नाही. फादर म्हणाले, आपल्या बहिणीला तिचा भाऊ लांबच्या देशात जाऊन निरोप देऊन आला, ही मोठी गोष्ट आहे. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा फादर सवयीप्रमाणे थांबले, आवाज विरला आणि पुढचं वाक्य सुरू झालं.

सभागृहात सगळ्यांनी ओळीने त्याचा हात हातात घेतला. "वाईट झालं, कॉलमन." "वाईट झालं." हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं. आईच्या वेळी ते न्युअलानेच ऐकून घेतलं होतं, तो मागे चहा बघत होता. चांगलं वाटत होतं. त्यामुळे अधिकच वाईट वाटत होतं.

"निदान तू होतास तिथं," पॉज म्हणाला आणि त्याच्या बशीत आणखी एक सँडविच ठेवलं. "मी सांगतो तुला, शेवटचं बघायला मिळालं की माणूस कसाबसा निभावतो."

संध्याकाळी त्याने स्टेलानला फोन लावला. स्टेलानचा आवाज थकलेला होता. विधी चांगला झाला, तो म्हणाला. थोडी माणसं होती, जवळची. प्रत्येकाने पेटीवर एकेक फूल ठेवलं.

"आणि सकाळी?" कॉलमनने विचारलं. "कशी दिसत होती?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"स्टेलान?"

"मी गेलो नाही, कॉलमन. खोली होती दहा वाजता. दारापर्यंत गेलो. तू असशील म्हणून मी ठरवलं होतं. तुला सवय आहे, म्हटलं, तू दाखवशील कसं उभं राहायचं ते. एकट्याला जमलं नाही. त्यांना म्हटलं, बंदच राहू दे."

"म्हणजे कोणीच नाही पाहिलं तिला."

"नाही."

कॉलमन स्वयंपाकघरात उभा होता. गेरटीबाईने उरलेलं हॅम कागदात गुंडाळून दिलं होतं, ते टेबलावर होतं.

"तुझा ताप कसा आहे?" स्टेलानने विचारलं. त्याला ते मनापासून विचारायचं होतं. "उतरला का?"

"उतरतोय," कॉलमन म्हणाला.